हॅलोबाई

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं आणि म्हणाल्या, "सत्त्याण्णव म्हणा."

मी म्हणालो.

"आता एकोणसाठ. मग एकोणसत्तर. सावकाश न्हाय, नेहमी बोलता तसं बोला."

मी तेही म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण शिजवता का, यातलं काहीही विचारलं नाही. माझ्या आधी आलेले दोघं या परीक्षेत नापास होऊन परत गेले होते, हे मला पुढं शेजाऱ्यांकडून कळलं. "ज्याचं एकोणसाठ आन एकोणसत्तर येगळं ऐकू येतं, त्याच्याशी बोलायला तरास न्हाय," एवढाच त्यांचा हिशेब.

बारामतीत कऱ्हेच्या पुलाजवळच्या त्या गल्लीत सगळे त्यांना हॅलोबाई म्हणायचे. मी काकू म्हणायचो, आणि त्या मला मेकॅनिक. मी तेव्हा दूध काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करायचो. पणदरे, सांगवी, इकडं इंदापूर तालुक्यापर्यंत गोठे माझ्याकडं होते. पहाटे निघायचो, दुपारी परत यायचो आणि जिन्यात काकूंच्या तावडीत सापडायचो.

काकू निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. सत्तरीला टेकलेल्या, ठेंगण्या, कानाशी दोन्ही बाजूंनी केस घट्ट मागं ओढलेले, कारण उभा जन्म कानावर हेडफोन होता आणि मध्ये बट आलेली त्यांना चालायची नाही. त्यांना दोन आवाज होते. गल्लीत बोलताना, "आरं काय मेल्यांनो, हितं गाडी लावायची जागा हाय व्हय?" आणि फोन वाजला की तोच घसा एकदम इस्त्री केल्यासारखा व्हायचा: "नमस्कार. बोला. आपल्याला कोण हवं आहे?" पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा घरात दुसरं कुणी आलंय की काय म्हणून आत डोकावून बघितलं होतं.

निम्म्या गावाची गुपितं त्यांच्या कानावरून गेली होती. जुन्या काळी गावाबाहेरचा फोन लावायचा तर ऑपरेटर हाताने कॉर्ड जोडून द्यायची, आणि लाइन नीट चाललीय का हे बघायला मध्ये कान लावायची. एकदा समोरच्या घरातली म्हातारी माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "आमच्या ह्यांचं बोलणं तू ऐकलं असशील की गं. त्या सोलापूरच्या बाईशी काय बोलायचे ते? आता तर ते गेले, सांग की."

काकू शांतपणे म्हणाल्या, "सोलापूरची लाइन लई खराब असायची आक्का. काय बी ऐकू यायचं न्हाय."

म्हातारी गेल्यावर मी विचारलं, खरंच खराब असायची का? काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा कधी तसला प्रश्न विचारला नाही.

पण गल्ली त्यांना हसायची ती याच्यासाठी नव्हे. हसायची ती त्यांच्या कॉम्प्युटरांसाठी.

त्यांच्याकडं तीन कॉम्प्युटर होते, तिन्ही कुठंही नेता येतील असे, आणि तिन्ही माझ्यापेक्षा वयानं मोठे. त्यातला एक शिलाई मशीनएवढा जड होता, त्याला फक्त दसऱ्याला पुसून फूल वाहायच्या. उरलेले दोन मात्र जोडीचे. शाळेच्या मोठ्या पाटीएवढे, जाड, वर टंकलेखन यंत्रासारखा कळफलक आणि त्यावर आठ ओळींचा राखाडी पडदा. चार पेन्सिल सेलवर पंधरा-वीस तास चालायचे. एके काळी बातमीदार लोक ते घेऊन फिरायचे आणि बाहेरगावहून फोनवरून बातमी पाठवायचे, असं त्यांनी सांगितलं. एक त्यांना पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. दुसऱ्यासाठी परदेशातल्या भाच्याला त्यांनी दोन वर्षं पिडलं होतं.

हे यंत्र शिट्टी मारतं. अक्षराची शिट्टी करतं, ती फोनमधून पलीकडं जाते, आणि पलीकडचं यंत्र त्या शिट्टीचं पुन्हा अक्षर करतं. इंटरनेट नाही, काही नाही. नुसता फोन लावायचा आणि यंत्राला बोलू द्यायचं. कोल्हापूरकडचे एक निवृत्त इंजिनिअर अशा जुन्या यंत्रांसाठी आपल्या घरी अजून एक लाइन चालू ठेवून होते. त्यांच्या नंबरावर फोन केला की त्यांचा कॉम्प्युटर उचलायचा आणि पडद्यावर एक फलक उमटायचा. पाच-सहा नेहमीचे लोक तिथं एकमेकांना निरोप ठेवायचे. कुणाच्या आंब्याला मोहोर आला, कुणाचं कसलं यंत्र बिघडलं. काकू दर रविवारी सकाळी तिकडं फोन लावायच्या.

काकूंच्या घरची जुनी तार केव्हाच गेली होती. लावायचा तो मोबाइलवरून. आणि इथंच अडत होतं. भाच्याने दिलेला मोठा फोन उपयोगाचा नव्हता. "ह्यो लई शहाणा हाय," काकू म्हणायच्या. "शिट्टी आली की ह्याला वाटतं गोंगाट हाय, आन पुसून टाकतो. मला येडा फोन पायजे. जे ऐकंल ते पुढं ढकलणारा." तसा एक बटणांचा साधा फोन त्यांनी शोधून काढला. पण यंत्राचं कान-तोंड आणि फोनचं कान-तोंड एकमेकांना घट्ट बसेना. फटीतून बाहेरचा आवाज आत जायचा.

एकदा त्या जिन्यात माझ्या हत्यारांच्या पिशवीकडं बघत उभ्या राहिल्या. पिशवीतून गाईच्या सडाला बसतं ते काळं रबरी नळकांडं बाहेर आलं होतं.

"मेकॅनिक, हे काय?"

"लायनर. दूध काढायच्या यंत्राचं रबर. जुनं झालंय, फेकायचंय."

त्यांनी ते हातात घेतलं, दाबलं, कानाला लावलं. "किती हायेत असली?"

त्या दिवशी आम्ही दोन लायनर कापून फोनच्या दोन्ही टोकांना बसवली. गाईच्या सडाला हवा न सोडता धरणारं ते रबर फोनलाही तसंच धरून बसलं. रविवारी फलक पहिल्या झटक्यात लागला. काकूंनी मला शिरा खायला घातला, आणि तेव्हापासून गल्लीत माझीही गणती त्यांच्याबरोबर होऊ लागली.

रविवारी सकाळी त्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसायच्या, कारण तिथं रेंज चांगली. यंत्र मांडीवर. मग खाली ओरडायच्या, "मिक्सर बंद करा गं! लाइन लागलीया!" बाहेरचा आवाज रबरातूनही थोडा आत शिरायचाच, आणि मग पडद्यावर मजकुराच्या मध्येच कंस, चांदण्या, टिंबं असला कचरा उमटायचा. काकूंना त्या कचऱ्यावरूनही कळायचं. "ही शिट्टी कुकरची." "ह्यो भंगारवाला." एकदा एक अख्खी ओळ आकड्यांनी भरली तेव्हा त्या वर न बघताच म्हणाल्या, "बुलेट आली कुणाची तरी." खाली बघितलं तर खरंच बुलेट होती.

एवढा खटाटोप करून पाच माणसांची निरोपानिरोपी वाचण्यात काय मिळतं, असं मी एकदा विचारलं. व्हॉट्सॅप हातात असताना?

"त्यात चिठ्ठी टाकून पळून जातात माणसं," त्या म्हणाल्या. "हितं माणूस लाइनीवर असतो. अक्षर पडतंय, थांबतंय, चुकलं तर मागं जातंय. थांबलेलं दिसतं बघा. ते लई महत्त्वाचं असतं."

मला ते तेव्हा फारसं पटलं नाही.

शेळगावच्या त्यांच्या मैत्रिणीबद्दल मला कळलं ते असंच तुकड्यातुकड्यानं. काकू बारामतीच्या टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर असताना ती बाई इंदापूरच्या बोर्डावर होती. ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. त्यामुळं काकूंच्या तोंडी ती कायम 'इंदापूर' आणि तिच्या तोंडी काकू 'बारामती'. रोज दिवसभर एकमेकींच्या कानात. सात वर्षं अशी गेल्यावर दोघी पहिल्यांदा भिगवणच्या स्टँडवर भेटल्या. "आवाज तिचाच, पण तोंड दुसऱ्याच बाईचं," काकू सांगायच्या. "काय बोलावं सुचंना. चहा पिलो आन आपापल्या यष्टीत बसलो. दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसल्या बसल्या तासभर बोललो." पुढं यंत्रं आली, बोर्ड गेले, दोघी निवृत्त झाल्या, पण रोज दुपारी पावणेचारला त्यांचा फोन चुकला नाही.

त्या दोघींचं एक भांडण फार जुनं होतं. पणदऱ्याचा एक बागायतदार इंदापूरच्या होणाऱ्या व्याह्याशी बोलत होता. सगळं ठरलं होतं. मुलीला लग्नानंतर शिकू देणार का, एवढंच त्यानं विचारलं. पलीकडून 'नाही'तला 'न' ऑपरेटरला ऐकू आला आणि तेवढ्यात लाइन तुटली; बापानं होकारच धरला. अर्ध्या तासानं फोन पुन्हा लागला तेव्हा हा बाप आनंदानं ओरडला, "व्हय म्हणालात ना? चारचौघांत सांगितलंबी म्या!" पलीकडच्याला मागं फिरता येईना. मुलगी पुढं शिकली आणि मास्तरीण झाली. लाइन तुटल्याची मात्र त्याच आठवड्यात चौकशी झाली होती, की कॉर्ड ओढली कुणी? दोघींनी साहेबापुढं एकमेकींकडं बोट दाखवलं. आणि निवृत्त झाल्यावर दोघी म्हणू लागल्या, की ती मीच ओढली होती.

मी तिथं राहायला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या बाईंना घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याला एक भोक, त्यातून श्वास, आणि आवाज कायमचा गेला.

पावणेचारचा फोन वाजेनासा झाला. काकूंनी लावला तर सून उचलायची आणि म्हणायची, "आत्या घेत न्हाईत ओ." निरोप लिहिले, ते वाचले जायचे, उत्तर यायचं नाही. शेवटी काकू स्वतः शेळगावला गेल्या. संध्याकाळी परत आल्या आणि पायरीवरच बसल्या. चपलाही काढल्या नाहीत.

"भिंतीकडं तोंड करून बसलीया," त्या म्हणाल्या. "पाटी दिली हातात तर 'जा' लिहिलं. पोरगा म्हणतो, पाच म्हयने झाले, असंच चाललंय. जेवती, औषिद घेती, आन भिंतीकडं बघती."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. काकूंचं लक्ष नव्हतं. चपलेचा अंगठा चाचपत म्हणाल्या, "मी समोर जायाच नगं हुतं. आमचं समोरासमोर कधी जमलंच न्हाय."

त्यानंतर आठवडाभर त्यांनी मला शिकवलं. यंत्र कसं चालू करायचं, रबरं कशी बसवायची. बाजूला एक बारीक कळ होती. ती एका अंगाला केली की यंत्र हाक मारतं आणि दुसऱ्या अंगाला केली की ओ देतं. "म्या हाक मारनार. तुमी कळ 'ओ'च्या अंगाला ठेवा," हे त्यांनी मला चार वेळा बजावलं. मग दुसरं यंत्र, एक बटणांचा फोन, दोन लायनर आणि सेलचं पाकीट त्यांनी माझ्या पिशवीत घातलं. शेळगावात माझे दोन गोठे होतेच.

घर डाळिंबाच्या बागेत होतं. सुनेनं मला पडवीत नेलं. बाजेवर एक उंच, हाडकुळी बाई पाठमोरी बसली होती. गळ्याभोवती पांढरा रुमाल. मी सांगितलं, बारामतीहून आलोय, काकूंनी एक वस्तू पाठवलीय. पाठ हलली नाही. मी स्टुलावर यंत्र मांडलं, फोन लावला आणि रबरात बसवला. काहीच झालं नाही. नुसती शिट्टी आणि कोरा पडदा. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सून म्हणाली, "राहू द्या दादा, त्यांना तरास हुईल."

फोन कानाला लावला तर पलीकडून काकू ओरडत होत्या, "मेकॅनिक! दोघंबी हाकच मारतोय! ओ कोन देनार?"

कळ उलटी होती. मी ती फिरवली आणि फोन परत रबरात खुपसला. शिट्टीचा सूर बदलला, आणि त्या क्षणी बाजेवरची पाठ ताठ झाली. लाइन लागल्याचा आवाज तो. आयुष्यभर लाइनी जोडणाऱ्या बाईला तो कळणारच.

पडद्यावर अक्षरं पडू लागली. यंत्राला मराठी येत नव्हतं, इंग्रजी अक्षरांतलं मराठी होतं ते, पण वाचता येत होतं. 'इंदापूर. बारामती बोलतेय. ऐकू येतंय का.'

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

'इंदापूर.' मग बराच वेळ काही नाही. मग, 'बरं, तू ऐक नुसतं. ती पणदऱ्याची मुलगी आता हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. सत्कार आहे. मला बोलावलंय. मी भाषणात सांगणार आहे की कॉर्ड मी ओढली.'

हेही मी वाचलं. बाई वळल्या. पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा पाहिला. रागानं लाल झाला होता. त्यांनी मला हातानंच बाजूला सारलं, स्टूल ओढलं आणि एका झटक्यात एकच शब्द मारला: 'खोटं.'

पलीकडून लगेच: 'खोटं काय त्यात.'

'मी ओढली. तू तेव्हा चहा पीत होतीस.'

'चहा पीत पीत ओढली.'

'तुझा हात तेव्हा भाजलेला होता. पट्टी होती. डावा.'

'उजव्यानं ओढली.'

मी आणि सून मागं उभे राहून वाचत होतो. दोघींची बोटं किती भराभर चालत होती! एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू, मग दोघींची अक्षरं एकमेकांत मिसळायची, मग दोघी एकदम थांबायच्या. मध्येच बाईंचे खांदे हलू लागले. सून घाबरून पुढं झाली. मग थबकली. तिच्या सासूबाई हसत होत्या. आवाज नव्हता, गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडत होता. सून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पाऊण तासानं सरकलेलं रबर नीट बसवायला मी पुढं झालो तेव्हा शेवटची ओळ दिसली. काकूंनी विचारलं होतं, पाटीवर का बोलली नाहीस. खाली उत्तर होतं: 'पाटीवर लिहिलं की लोक पाटीकडं बघतात. माझ्याकडं कुणी बघत नाही.'

यंत्र मी तिथंच ठेवून आलो.

त्यानंतर सव्वा वर्ष रोज पावणेचारला गल्लीतले मिक्सर बंद होऊ लागले. आता काकूंना ओरडावं लागत नसे. कशासाठी ते सगळ्यांना कळलं होतं. बुलेटवालासुद्धा कोपऱ्यावरच गाडी बंद करून ढकलत आणायचा. काकू गच्चीवरून उतरायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दोन माणसांच्या भांडणाचं समाधान असायचं.

मग आजार उलटला. शेवटचे पंधरा दिवस बाई दवाखान्यात होत्या. तिथं यंत्र नेता आलं नाही. काकू भेटायला गेल्या, तासभर हात धरून बसल्या. काही बोलणं झालं का, असं मी विचारलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "पन ह्या येळंला भिंतीकडं तोंड नव्हतं तिचं."

बाई गेल्यावर काकूंनी यंत्रातले सेल काढून ठेवले. रविवारचा फलकही सोडला. कोल्हापूरच्या इंजिनिअरांचा फोन आला तर इस्त्रीच्या आवाजात सांगितलं, "प्रकृती ठीक नाही, क्षमस्व." गल्लीतल्या बायकांनी पावणेचारला मिक्सर लावायला सुरुवात करायला दोन महिने घेतले.

एक दिवस शेळगावची सून आली. दुसरं यंत्र तिनं साडीच्या घडीत गुंडाळून आणलं होतं. ते काकूंपुढं ठेवून ती थोडी घुटमळली.

"दवाखान्यात आत्यांच्या शेजारच्या खाटंवर एक सांगवीचे तात्या हुते," ती म्हणाली. "त्यांचंबी तेच ऑपरेशन. त्यांच्या बायकोनं आत्यांचं मशीन नंतर आमच्या घरी येऊन बघितलं. ती म्हनती, तात्या आता कुनाशीच... म्या म्हनलं, इचारून बघते."

काकू म्हणाल्या, "मी त्या मानसाला वळखत न्हाय." बस्स, एवढंच. सून चहा पिऊन गेली. यंत्र दोन दिवस टेबलावर त्याच घडीत पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तर काकू जिन्यात उभ्या. "सांगवीला तुमचा गोठा हाय न्हवं? सेल नवीन घातल्यात. कळ बघून ठेवा ह्या येळंला."

तात्या उसाच्या कडेच्या घरात खुर्चीवर बसले होते. दणकट, मोठ्या मिशांचे. "ह्यांच्या हाकंनं पल्याडच्या शेतातली पाखरं उठायची," बायको म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. तात्यांनी यंत्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि नजर उसाकडं फिरवली.

मी कळ बघितली. फोन लावला. काकूंची अक्षरं पडली: 'नमस्कार. बारामतीहून बोलतेय.'

काहीच झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काकूंनीही पुढं काही लिहिलं नाही. नुसती लाइन धरून बसल्या. शिट्टी चालू होती. शेवटी तात्या खुर्चीतून पुढं झुकले आणि एका बोटानं, फार वेळ घेत, त्यांनी लिहिलं: 'तुमी कोन.'

ऑपरेटरनं गिऱ्हाइकाला आपलं नाव सांगायचं नसतं. तो नियमच होता, आणि काकूंनी तो नोकरीत तर पाळलाच, नंतरही पाळला. दाराच्या पाटीवर आणि लाइटबिलावर नवऱ्याचं नाव होतं, गल्लीत त्या हॅलोबाई होत्या. तीन वर्षं त्यांच्या घरात राहून त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं.

पडद्यावर एकेक अक्षर पडू लागलं. काकूंनी त्यांचं नाव लिहिलं, मग माहेरचं आडनाव, मग सासरचं. माझ्यासाठी नव्हतं ते, म्हणून इथं लिहीत नाही.

तात्यांनी ते दोनदा वाचलं. मिशीवरून हात फिरवला. मग खुर्ची पुढं ओढली आणि कळफलकावर एकेक अक्षर शोधत आपलं नाव लिहायला घेतलं.